राख पकडणाऱ्या यंत्राचा बाजार आणि राख उचलणारे हात

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो छापून येतात. संचालक मंडळ, सपत्नीक पूजा, नारळ, आणि खाली यंदाच्या पहिल्या उचलीची चर्चा. त्यानंतर महिन्याभरात शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या तालुक्यांतल्या कित्येक वस्त्यांमध्ये बायका दोरीवरचे कपडे झटकून मगच आत नेऊ लागतात. कपड्यांवर काळे ठिपके असतात. बोटाने पुसायला गेलो की ते पसरतात. पाण्याच्या पिंपावर फडके बांधावे लागते. कुणी विचारले तर उत्तर एवढेच मिळते, "कारखाना सुरू झालाय." तक्रार फारशी कुणी करत नाही. गावाचे पोट त्याच कारखान्यावर आहे, आणि पंचगंगेच्या पाण्यासाठी मोर्चे निघतात तसे राखेसाठी निघत नाहीत.

याच राखेवर एक मोठा धंदा उभा आहे आणि तो जोरात वाढतो आहे. वीजनिर्मिती केंद्रांच्या धुरातून राखेचे कण पकडणाऱ्या यंत्रांचा हा बाजार. ईएसपी, बॅग फिल्टर, वेट स्क्रबर ही त्यातली नेहमीची नावे. या बाजाराचे अहवाल हजारो रुपयांना विकले जातात, त्यात पुढच्या पाच-दहा वर्षांच्या वाढीची टक्केवारी असते आणि गुंतवणूकदार ते वाचतात. आम्हीही हा विषय वाचायला घेतला, पण गुंतवणुकीसाठी नाही. आमचा प्रश्न साधा होता. यंत्रे एवढी विकली जात असतील तर दोरीवरचे कपडे काळे का होतात? आणि यंत्राने पकडलेली राख शेवटी जाते कुठे?

आधी एक आक्षेप बाजूला काढू. आपल्यातलेच काही साथी म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, आपल्या पोरांना नोकऱ्या पाहिजेत, कारखाने पाहिजेत, वीज पाहिजे. यात अर्धे खरे आहे आणि ते अर्धे आम्ही सोडणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. मध्यवर्ती पातळीवर वीज नियोजनासाठी तांत्रिक मंडळ उभे करणे, दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेणे, हे त्यांनी केलेले काम आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांचा आग्रह स्पष्ट होता: वीज स्वस्त पाहिजे आणि मुबलक पाहिजे, तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवर लोंबकळणाऱ्या दरिद्री माणसाची सुटका नाही. गावगाड्यात परत जा म्हणणारे बाबासाहेब नव्हेत. तेव्हा धुराडे दिसले की नाक मुरडायचे, हे आमचे राजकारण नाही.

पण त्याच बाबासाहेबांनी त्याच खात्यात असताना कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणण्याचा कायदा १९४६ मध्ये मंजूर करून घेतला. वीज निर्माण व्हावी आणि ती निर्माण करणाऱ्या माणसाचे शरीर शाबूत राहावे, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत. आणि विषय आपला नाही म्हणणाऱ्यांना महाडची आठवण करून द्यायला हवी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते काही तहान भागवायला नव्हे. हवेला कुंपण घालता आले नाही, म्हणून तिच्यावरच्या हक्काचा सत्याग्रह तेव्हा करावा लागला नाही, एवढेच.

आता यंत्राकडे येऊ. हे समजून घेतल्याशिवाय भांडता येत नाही. ईएसपी म्हणजे लोखंडी घरासारखी एक प्रचंड पेटी. बॉयलरचा धूर धुराड्यात जायच्या आधी तिच्यातून जातो. आत उभे पत्रे टांगलेले असतात आणि त्यांच्या मधोमध तारा किंवा दांड्या, ज्यांना हजारो व्होल्टचा एकदिश विद्युतदाब दिलेला असतो. धुरातल्या कणांवर विद्युतभार चढतो, ते पत्र्यांना जाऊन चिकटतात, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात आणि राख खाली हॉपरमध्ये पडते. अमेरिकेतल्या फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास हे तंत्र कामाचे करून दाखवले. म्हणजे शाहू महाराज गादीवर असतानाच हे जगाला माहीत होते. यात नवे किंवा न परवडणारे तंत्रज्ञान असे काही नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात कोळशावरचे मोठे औष्णिक केंद्र नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणावर पाण्यापासून वीज होते, तिला धूर नाही. पण साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प, ज्यांना आपण 'कोजन' म्हणतो, ती वीज केंद्रेच आहेत. इंधन म्हणजे बगॅस, उसाचे चिपाड. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात ढोबळमानाने १,४०० टन बगॅस निघते, त्यात निम्मे पाणी असते, आणि ती जाळली की दिवसाला वीस-पंचवीस टन राख. ही राख हलकी असते, अर्धवट जळलेले काळे कण तिच्यात असतात, वाऱ्यावर लांब जातात. दोरीवरचे ठिपके ते हेच. अलीकडे इथेनॉलच्या निमित्ताने डिस्टिलरीचे स्पेंट वॉश जाळणारे बॉयलरही आले. त्यांची राख पोटॅशने भरलेली आणि चिकट, तिला पकडणे आणखी अवघड. यंत्र विकणाऱ्यांना ही नवी गिऱ्हाइके आहेत.

साखर कारखान्याच्या धुराड्यासाठी २०१६ मध्ये केंद्राने मर्यादा ठरवली: एका घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी कण. कोळशाच्या केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ ची अधिसूचना आहे. २००३ अखेरपर्यंतच्या जुन्या संचांना १००, त्यानंतर २०१६ पर्यंतच्या संचांना ५० आणि २०१७ पासूनच्या संचांना ३० मिलिग्रॅम. दोन वर्षांत पूर्तता करायची होती. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये तर गंधकाचा वायू धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून देशातल्या जवळजवळ ७८ टक्के औष्णिक क्षमतेला सूटच मिळाली. एफजीडी राखेसाठी नसते हे खरे, पण गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचेही सूक्ष्म कण बनतात आणि ते राखेपेक्षा खोल फुप्फुसात उतरतात. चीनने याच काळात आपल्या कोळसा केंद्रांना कणांसाठी १० मिलिग्रॅमच्या आसपासची मर्यादा लावली आणि बहुतेक केंद्रांकडून ती पाळूनही घेतली. तिथल्या राज्यव्यवस्थेचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण "भारतासारख्या देशाला जमणार नाही" हे वाक्य ऐकताना हा आकडा लक्षात ठेवा.

बाजार वाढतो तो या नियमांच्या जोरावर, आणि मुदतवाढ मिळाली की थबकतो. म्हणजे कुठल्या कंपनीचा शेअर कधी चढेल हे दिल्लीतल्या अधिसूचनेवर ठरते, आणि आपल्या पोरांचा दमा कधी कमी होईल हेही तिथेच ठरते. फरक एवढाच की पहिल्या गोष्टीचा पाठपुरावा करायला पगारी माणसे आहेत.

यंत्राच्या जाहिरातीत ९९ टक्के, ९९.९ टक्के असे आकडे असतात. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. जरा हिशेब करू. ५०० मेगावॅटचा एक संच तासाला साधारण ३५० टन कोळसा जाळतो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ४० धरली तर १४० टन, आणि त्यातली ८० टक्के धुरासोबत वर जाते असे धरले तर ११२ टन. यंत्राने ९९.९ टक्के पकडली तर तासाला ११२ किलो राख बाहेर जाईल. ९९ टक्केच पकडली तर ११२० किलो. दशांश चिन्हापुढच्या एका नऊची किंमत दिवसाला २४ टन आहे. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे केंद्र आहे. तिथल्या माणसाला हा दशांश शिकवावा लागत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह पहिल्या चारांत होते.

इथे आपल्या समाजाने एक गोष्ट बघावी. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारा माणूस कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांच्या टापूत असतो आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाणारा महाऔष्णिक केंद्राच्या. दरवर्षी आपले लाखो लोक तिथे जाऊन नतमस्तक होतात. त्या शहरांच्या हवेबद्दल आपल्या व्यासपीठांवरून किती ठराव झाले? आम्हीही केले नाहीत, म्हणून हा प्रश्न आधी आम्हाला.

पण हवेत गेलेल्या ११२ किलोंइतकाच प्रश्न पकडलेल्या उरलेल्या जवळजवळ ११२ टनांचा आहे. यंत्र राख नाहीशी करत नाही. ते तिला हवेतून काढून हॉपरमध्ये ठेवते. पुढे तिला कुणीतरी हलवायचे असते. देशात वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त औष्णिक राख निघते. काही सिमेंटला जाते, काही विटांना, उरलेली पाण्यात कालवून राख-तलावात. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राख-तलाव फुटला आणि राख शेतांत आणि पाण्यात गेली. परळीच्या राखेच्या वाहतुकीवरून बीड जिल्ह्यात कसले अर्थकारण आणि कसली दहशत चालते, त्याची चर्चा २०२४-२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. म्हणजे पकडलेल्या राखेत पैसा आहे. तो पैसा कुणाकडे जातो आणि राख कुणाच्या अंगावर पडते, ही दोन माणसे वेगळी आहेत.

आमच्यातल्या एकाने दोन हंगाम एका कारखान्यात ठेकेदाराकडे 'हेल्पर' म्हणून काढले. काम ईएसपीच्या खाली. ओलसर राख हॉपरमध्ये जाम होते. मग खालून झाकण उघडून पहारीने ती फोडायची. वरून कधी थंड राख येते, कधी आत धुमसत असलेली. तोंडाला स्वतःचा रुमाल. हंगाम संपला की पेटीच्या आत उतरून पत्रे घासायचे, त्या वेळी उजेडाला एक बल्ब आणि बाहेर उभा एक माणूस. कारखान्यात कायम, हंगामी आणि रोजंदारी अशा उतरंडी असतात हे कोल्हापूरच्या पोराला सांगायला नको, पण हा माणूस तिन्हीत नव्हता. त्याचे नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत होते. त्या पाळीत सात जण होते. चार आपल्या वस्तीतले, दोन मातंग समाजाचे, एक पालावरचा. कंट्रोल पॅनेलवर बसणाऱ्यांत यातले कुणी नव्हते. एका पाळीचा हा अनुभव आहे, यावरून आम्ही जिल्ह्याची टक्केवारी मांडत नाही. पण ठेकेदारी कामगारांची जात कुणी मोजायची नाही आणि मग "जातीचा पुरावा काय" असे विचारायचे, हा खेळ आता जुना झाला.

गटार साफ करायला यंत्रे आहेत आणि २०१३ चा कायदाही आहे, तरी माणूस आत उतरतो आणि मरतो. धूर साफ करायला यंत्र आले, तरी यंत्राची घाण काढायला त्याच वस्तीतला माणूस लागतो. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वरखाली लावलेली वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले होते. उत्सर्जनाचा आकडा धुराड्याच्या तोंडाशी मोजतात. हॉपरच्या तोंडाशी श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसाचा आकडा कुठल्याच अहवालात येत नाही. तो यायला हवा.

मग यंत्र विकत घेतले म्हणजे ते चालवले जाते का? बॉयलर पेटवताना काही तास ईएसपी चालू करता येत नाही, कारण न जळलेल्या इंधनाने आत आग लागू शकते. हे तांत्रिक कारण खरे आहे. पण ईएसपीचे चार विभाग असतील आणि त्यातले दोनच चालू ठेवले तरी वीज वाचते, दुरुस्ती पुढे ढकलता येते, आणि रात्री धुराडे कुणाला दिसत नाही. खरेदीचे बिल ताळेबंदात दिसते. चालवण्याची नोंद कुठे दिसते?

गुजरातमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कार्यकर्त्यांनी वाचावा असा आहे. प्रदूषणाचे ऑडिट करणारे ज्या कारखान्याचे ऑडिट करतात त्याच्याकडूनच पैसे घेत होते, आणि त्यांच्या अहवालांत बहुतेक कारखाने मर्यादेच्या जेमतेम आत बसत होते. मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमला, पैसे सामायिक निधीतून दिले, आणि काही मोजमापे दुसऱ्याने पुन्हा तपासली. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यंत्र तेच, माणसे तीच, फक्त मिंधेपणा काढला. त्याच राज्यात सुरतला २०१९ पासून कणांच्या उत्सर्जनावर एकूण मर्यादा घालून परवान्यांचा बाजार चालवला, तिथे सामील कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात दिसले. बाजार म्हटले की शिवी द्यायची आमची सवय आहे, पण कुणी मोजायचे, कुणी बघायचे आणि कुणी दंड करायचा हे ठरलेले असेल तर बाजारालाही कामाला लावता येते. न ठरवता सोडला की तो बिलापुरता स्वच्छ राहतो.

महाराष्ट्रात हत्यारे नाहीत असेही नाही. २०१४ पासून अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारे उपकरण बसवण्याचे आदेश आहेत. साखर आणि औष्णिक वीज दोन्ही त्यात येतात. २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे आकडे लोकांना बघता येतील असे ठेवायला सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्यांच्या कणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. कोल्हापूर तर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची पातळी न राखणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. आपल्या तालुक्यातल्या कारखान्याला किती तारे आहेत हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले?

नोकरी मागणाऱ्या साथींना आता त्यांच्याच भाषेत. हा बाजार वाढणार आहे. सरकार २०३१-३२ पर्यंत किमान ८० हजार मेगावॅट कोळशाची क्षमता वाढवायचे म्हणते, त्यातल्या प्रत्येक संचाला कण पकडणारे यंत्र लागेल. या धंद्यातली थरमॅक्स पुण्याची आहे, भेल सरकारी आहे. पत्रे, हातोडे, हॉपर, डक्ट, बॅग फिल्टरच्या पिशव्यांचे सांगाडे हे सुटे भाग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वर्कशॉपना आणि फौंड्र्यांना जमणार नाहीत असे नाही. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी लघुउद्योगांकडून करायच्या २५ टक्के खरेदीत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचे, असे २०१२ पासूनचे धोरण सांगते. हे ४ टक्के वर्षानुवर्षे अपुरे राहिले आहेत. आपले किती उद्योजक भेलच्या, एनटीपीसीच्या निविदा बघतात? आणि आयटीआय, डिप्लोमा झालेल्या आपल्या पोराला इन्स्ट्रुमेंटेशनच्या पॅनेलपुढची खुर्ची मागायची की हॉपरखालची पहार, हे आपण ठरवायचे. खासगी कारखान्यात आरक्षण नाही आणि सरकारी केंद्रात ठेकेदारी आणून ते पोकळ केले जाते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले होते. महानिर्मिती राज्याच्या मालकीची आहे, पण तिच्या राखेपाशी उभा असलेला माणूस ठेकेदाराचा असेल तर मालकी कुणाची आणि काय उपयोगाची, हा प्रश्न कामगार संघटनांनी घ्यायला हवा. मनमाडला १९३८ मध्ये रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. सहकाराच्या पाटीखाली हे दोघे एका टेबलावर बसतात, ते कोल्हापूरने पाहिले आहे.

सहकारी कारखान्यांतल्या आमच्या बहुजन शेतकरी बांधवांना यात आपल्यावर हल्ला दिसेल. तसे समजू नये. माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर बसले, तो वारसा आपल्या दोघांचा आहे. ऊस तुमचा, बगॅस तुमच्या उसाची, राख मात्र सभासद आणि बिगरसभासद दोघांच्या घरात पडते. वार्षिक सभेत दराचा प्रश्न विचारता, त्याच सभेत ईएसपी किती तास चालली हेही विचारा. आम्हाला त्या सभेत उभे राहायचा हक्क नाही, तुम्हाला आहे.

या हंगामासाठी आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. प्रदूषण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे तालुक्यातल्या प्रत्येक कोजनच्या धुराड्याचे गेल्या तीन हंगामांचे ऑनलाइन आकडे, ईएसपी बंद असल्याच्या नोंदी, तारांकन आणि दिलेल्या नोटिसा मागितल्या आहेत. कामगार आणि कारखाना निरीक्षकांकडे राख हाताळणाऱ्या ठेकेदारांची नावे, त्यांच्या कामगारांची संख्या, वैद्यकीय तपासणीच्या नोंदी आणि बंद जागेत उतरण्याची लेखी परवानगी मागितली आहे. दोन्ही अर्जांवर दहा रुपयांचा शिक्का आणि आपले नाव, एवढेच लागते. ज्यांच्या तालुक्यात धुराडे आहे त्यांनी मसुदा मागून घ्यावा, आणि ज्यांच्या घरातला कुणी हॉपरखाली काम करून आला आहे त्याला बोलते करावे. त्याने कोणत्या महिन्यात, किती दिवस, कशाने तोंड बांधून काम केले, हे वहीत लिहून घ्या. तारीख विसरू नका.

जय भीम.